चेलोचा स्वस्त कार्बन बो: काठी सोडून बाकी सगळं तपासा

नवशिक्याच्या चेलोसोबत जो बो (तारांवर ओढायची, घोड्याचे केस ताणलेली काठी) मिळतो, तो बहुतेकदा पिशवीतला कप्पा रिकामा दिसू नये एवढ्यासाठीच दिलेला असतो. वर्ष-दीड वर्षात त्याचा बाक बसतो, काठी एका अंगाला कलते, आणि सगळ्यात जाड सी तारेवर जरा जोर दिला की केसांऐवजी लाकूडच तारेला लागतं. मग शिक्षक म्हणतात, आता बो बदला. बजेट दहा ते तीस हजारांचं असेल तर लाकडी घ्यावा की कार्बन यावर फार डोकं शिणवू नका. या किमतीत कार्बनच घ्यावा.

बोसाठी सगळ्यात सरस लाकूड म्हणजे ब्राझीलच्या अटलांटिक किनाऱ्याकडच्या जंगलातलं पर्नाम्बुको. पॅरिसच्या फ्रांस्वा झाविए तुर्त यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस आजच्या बोचा घाट पक्का केला, आणि तेव्हापासून कारागिरांनी याच लाकडाचा ध्यास घेतला. झाडं इतकी तुटली की २००७ मध्ये पर्नाम्बुकोचं नाव साइटीस कराराच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात गेलं. आज बरी पर्नाम्बुको काठी लाखाच्या घरात जाते. स्वस्तात ‘ब्राझीलवुड’ म्हणून जे विकतात ते नेमकं कुठलं लाकूड, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. त्यातला एखादा बो उत्तम निघतो, पुढचे चार टाकाऊ. कार्बन बोची काठी मात्र कार्बनचे तंतू आणि इपॉक्सी (घट्ट होणारी राळ) साच्यात दाबून, तापवून बनते. एका साच्यातल्या काठ्या जवळजवळ सारख्या निघतात, आणि पावसाळा असो की थंडी, काठीला त्याचं सोयरसुतक नसतं.

फसगत होते ती पुढे. काठी साच्यातून आली म्हणून बरी असते; पण तिच्यावर बसणारा फ्रॉग (मुठीकडचा सरकता ठोकळा, ज्यात केसांचं एक टोक अडकवतात), तो मागेपुढे सरकवणारा आतला स्क्रू, पितळी आयलेट (स्क्रू ज्यात फिरतो ती छोटी कडी), केस आणि ते केस धरून ठेवणाऱ्या लाकडी पाचरी हे सगळं हाताने बसवावं लागतं. कारखाना पैसे वाचवतो तो नेमका इथे. स्वस्त कार्बन बो ‘खराब निघाला’ म्हणून जी तक्रार होते, ती बहुतेक वेळा काठीची नसतेच. त्यामुळे दुकानात चकचकीत विणकामाकडे बघत बसू नका. ती जाळीदार नक्षी बरेचदा फक्त वरचा थर असते. ताकद आत लांबीच्या दिशेने घातलेल्या तंतूंची.

आधी वजन. पूर्ण मापाच्या चेलो बोचं वजन साधारण ७८ ते ८४ ग्रॅम हवं. ८० ते ८२ असेल तर निर्धास्त राहा. (व्हायोलिनचा बो ६० ग्रॅमच्या आसपास, व्हायोलाचा ७० च्या. ऑनलाइन यादीत हे तिन्ही एकाच फोटोखाली असतात, तेव्हा मागवताना ‘चेलो, ४/४’ हे दोनदा वाचा.) स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. ७४-७५ ग्रॅमचा बो हातात छान हलका लागतो आणि पहिल्या पाच मिनिटांत आवडतो. पण सी आणि जी तारेवर आवाज भरायचा म्हटलं की तर्जनीने दाबावं लागतं, आणि अर्ध्या तासात अंगठ्याच्या बुडाशी कळ यायला लागते. जर्मनीचे आर्कस बो यापेक्षाही बरेच हलके असतात हे खरं, पण ती रचनाच मुळात वेगळी आहे आणि किंमतही. त्यांचं उदाहरण देऊन कोणी ७२ ग्रॅमचा स्वस्त बो गळ्यात मारत असेल तर ऐकू नका.

वजनापेक्षा तोल महत्त्वाचा. केस वाजवण्याइतके ताणा, काठी तर्जनीवर आडवी ठेवा आणि ती जिथे स्थिर राहते ती जागा शोधा. मागच्या टोकापासून, म्हणजे स्क्रूचं बटण सोडून, तिथपर्यंत मोजा. चेलोच्या बोला हे अंतर साधारण २२.५ ते २४ सेंटिमीटर भरतं. त्याहून बरंच पुढे गेलं तर बो टोकाकडे जड. करंगळी सतत तोलून धरते, आणि स्पिकाटो (बो तारेवर उडवत वाजवायचे तुटक स्वर) उशिरा उडतो. फार मागे आलं तर टोकाशी आवाज मरतो, तिथे हाताने दाब भरून काढावा लागतो. ८१ ग्रॅमचे दोन बो हातात वेगवेगळे लागतात ते यामुळे.

तोल थोडा पुढे असेल तर तो घरी मागे आणता येतो. समजा बो ८० ग्रॅमचा आहे, तोल २४ सेंटिमीटरवर आहे, आणि पकडीच्या जागी, त्याच मागच्या टोकापासून सात सेंटिमीटरवर, तीन ग्रॅमची रबरी नळी चढवली. आता हिशेब असा: ८० गुणिले २४ अधिक ३ गुणिले ७, भागिले ८३. उत्तर २३.४. म्हणजे तीन ग्रॅमने तोल सहा मिलिमीटर मागे आला. चेलो वाजवणारे कितीतरी जण पकडीवर रबरी नळी चढवतात ती पकड जाड व्हावी म्हणून, पण तोलाचा हा फायदा आपसूक मिळतो. स्वस्त बोवर चांदीच्या तारेऐवजी हलका जरीचा धागा किंवा प्लास्टिकची पट्टी गुंडाळलेली असते. ती काढून खरी तार गुंडाळली तरी तेच साधतं. उलट बाजूचा दोष, म्हणजे तोल फारच मागे असणं, घरी दुरुस्त होत नाही. तो बो परत करा.

मग काठी सरळ आहे का ते बघा. बटण डोळ्यापाशी, केस खाली, आणि बंदुकीचा नेम धरल्यासारखी काठीवरून नजर टोकापर्यंत न्या. एकदा केस ढिले ठेवून, एकदा ताणून. ढिले असताना सरळ आणि ताणल्यावर एका बाजूला वळणारी काठी बघितली की आधी केसांवर संशय घ्या: एका कडेचे केस आखूड आणि दुसऱ्या कडेचे लांब असले की काठी आखूड बाजूला ओढली जाते. केस बदलले की हे जातं. पण केस ढिले असतानाच काठी वाकडी दिसली तर तिचा नाद सोडा. लाकडी काठी कारागीर मंद आचेवर गरम करून सरळ करतो, बाकही परत भरतो. कार्बनच्या काठीतलं इपॉक्सी एकदा साच्यात घट्ट झालं की ते पुन्हा हवं तसं वळवता येत नाही. गरम केलं तर थर सुटतात. कार्बन काठीला दुरुस्ती नाही, ही तिची एकमेव मोठी उणीव, आणि ती दुकानात उभं असतानाच आठवायला हवी.

बाक बघायला केस पूर्ण सैल करा. काठीचा मध्य केसांना जवळजवळ टेकायला हवा. ताणल्यावर मध्यभागी काठी आणि केस यांच्यात एक पेन्सिल जेमतेम जाईल एवढी फट हवी. तेवढ्या ताणात फ्रॉग पकडीवर गुंडाळलेल्या कातड्यापासून काही मिलिमीटरच मागे सरकायला हवा. फ्रॉग आणि कातड्यात बोटभर फट पडत असेल तर केस लांब बांधले आहेत: अंगठ्याला जागा राहत नाही, तोल बदलतो, आणि दमट हवेत तर स्क्रू संपतो तरी केस ताणले जात नाहीत.

आता ताठपणा, कारण स्वस्त कार्बन काठीचा ठरलेला दोष हाच. साच्यात दोन थर जास्त घातले की काठी तुटण्याची भीती जाते, कारखान्याची डोकेदुखी संपते, आणि बो लोखंडी गजासारखा होतो. (आपल्याकडे सारंगीच्या बोला गजच म्हणतात, पण त्या अर्थाने नव्हे.) अशा बोची खूण सांगतो. डी तारेवर एक बो आठ-दहा सेकंद, अगदी हळू, अगदी कमी दाबाने ओढा. मध्यावर आला की तो थरथरतो, आवाजात बारीक कंप येतो, आणि वाजवणाऱ्याला वाटतं आपलाच हात कापतोय. कोणी चेलोवर आलाप वाजवत असेल, एका बोमध्ये लांब मींड घेत असेल, त्याने ही परीक्षा सगळ्यात आधी करावी. फट थोडी कमी करून, म्हणजे केस नेहमीपेक्षा ढिले ठेवून, पुन्हा वाजवा. कंप गेला तर बो चालेल, फक्त तो कमी ताणून वाजवायचा. नाही गेला तर नको.

उलटी परीक्षा मऊपणाची: सी तारेवर फ्रॉगपाशी जोरात, आणि मग मध्यावर जोरात. काठी केसांना टेकून तारेवर घासली तर बो मऊ आहे. फायबरग्लासचे बो कार्बन म्हणून खपवलेले असले की हे हमखास होतं. शंका असेल तर स्क्रू पूर्ण काढून फ्रॉग उतरवा आणि काठीत आयलेटसाठी कोरलेल्या खाचेत टॉर्च मारा. आत सगळं काळं असेल तर ठीक. वरून काळा रंग आणि आत पांढुरकं, हिरवट दिसलं तर ते काचतंतू आहेत. फायबरग्लासचा बो शाळेतल्या पोरांना ठीक असतो, तुटत नाही, पण त्याला कार्बनचे पैसे देऊ नयेत.

फ्रॉग उतरवलाच आहे तर बाकीचंही बघून घ्या. केसांना पीळ पडू देऊ नका, फ्रॉग एका हातात तसाच धरून ठेवा. स्क्रूचे आटे स्वच्छ हवेत, पितळी आयलेट फ्रॉगमध्ये सरळ बसलेलं हवं. स्क्रूवर वाळक्या साबणाची वडी किंवा मेणबत्ती घासा. तेल नको, ते काठीत आणि मग केसांत उतरतं. परत बसवून चार-पाच वेळा ताणा-सोडा. स्क्रू करकर करत असेल, मध्येच जड होत असेल, तर आयलेट तिरकं आहे, आणि काही महिन्यांत त्याचे आटे जाणार. आटे गेले की स्क्रू नुसता फिरत राहतो, केस ताणले जात नाहीत, आणि लोक बो मेला असं समजून फेकून देतात. प्रत्यक्षात आयलेट ही एक छोटीशी वस्तू आहे. अडचण एवढीच की स्वस्त बोच्या आट्यांचं माप बाजारातल्या आयलेटशी जुळेलच असं नाही. म्हणून घेतानाच दुकानदाराकडून स्क्रू-आयलेटची एक जोडी जास्तीची मागून घ्या. मिळाली तर त्या दुकानात पुन्हा जायला हरकत नाही.

केस ताणलेले असताना फ्रॉग बोटाने दोन्ही बाजूंना हलवून पाहा. ढिला असताना किंचित डुलला तर चालतं; ताणल्यावर डुलायला नको. डुलत असेल तर फ्रॉगची खाच काठीच्या अष्टकोनी पैलूंवर नीट बसवलेली नाही, आणि प्रत्येक वेळी तार बदलताना ते हाताला जाणवेल. फ्रॉगच्या खालची शिंपल्याची सरकपट्टी आणि केसांवरचं धातूचं कडं हेही नखाने हलवून बघा.

आता केस. ते कड्यातून सपाट पट्टीसारखे बाहेर आलेले हवेत, एकमेकांवरून गेलेले नकोत. फार पांढरेशुभ्र केस दिसले की सावध व्हा: रसायनात धुऊन पांढरे केलेले केस ठिसूळ होतात आणि पहिल्याच महिन्यात तुटू लागतात. कारखान्यातून आलेल्या बोला रोझिन (केसांनी तार पकडावी म्हणून घासायची राळेची वडी) अजिबात लावलेलं नसतं, त्यामुळे तो तारेवर नुसता घसरतो. पेटीतून काढला, वाजवला, आवाज आला नाही, परत पाठवला, असंही होतं. नव्या रोझिनची चकाकी बारीक पॉलिश पेपरने घालवा, पूर्ण बोभर वीस-तीस हात फिरवा, दहा मिनिटं वाजवा, पुन्हा दहा हात. नंतर रोज चार-पाच पुरतात. चेलोसाठी गडद, मऊ रोझिन घ्या असं परदेशी पुस्तकी सांगणं असतं. ते तिकडच्या थंडीला ठीक आहे. मुंबई, कोकण, गोव्यात मे महिन्यात असलं मऊ रोझिन चिकट होतं आणि केसांवर थर धरतं. किनाऱ्यावर जरा कडक रोझिनच बरं.

खरेदीआधी विचारायलाच हवा असा प्रश्न: या बोचे केस बदलता येतील का? केस बोच्या डोक्यात आणि फ्रॉगमध्ये लाकडी पाचरीने, आणि कड्याशी एका पातळ पाचरीने पसरून धरलेले असतात. नीट केलेल्या बोमध्ये पहिल्या दोन पाचरी निव्वळ मापाने घट्ट बसतात, गोंद लागत नाही. स्वस्त बोमध्ये पाचर मापाची कापण्यात वेळ घालवण्यापेक्षा सुपरग्लू ओततात. पुढच्या वेळी केस बदलणाऱ्याला ती पाचर कोरून, छिद्र पाडून काढावी लागते, आणि साच्यातलं डोकं त्यात उडालं तर दोष त्याच्यावर येतो. म्हणून बरेच कारागीर असे बो हातात घेत नाहीत. अमेरिकेत वा युरोपात राहणाऱ्यांना तर केस बदलायलाच ७०-८० डॉलरपर्यंत लागतात, म्हणजे सगळ्यात स्वस्त बोची अख्खी किंमत. तिथे असा बो वापरून टाकायचाच असतो हे गृहीत धरून घ्यावा. आपल्याकडे केस बदलणारे मोजकेच. मुंबईत, गोव्यात जो कोणी ओळखीचा असेल त्याला बोच्या डोक्याचा आणि फ्रॉगचा फोटो पाठवून आधीच विचारा. रोज वाजवणाऱ्याचे केस वर्षभरात बदलावे लागतात, त्यामुळे हा प्रश्न टळत नाही.

किमतीचं गणित. सुमारे ६० ते १२० डॉलरमध्ये चिनी कारखान्यांचे, निरनिराळ्या दुकानांनी आपापलं नाव छापलेले बो मिळतात. काठी बरी, बाकीचं नशीब. दोनतीन हाताळून निवडायला मिळाले तर यातच उत्तम माल सापडतो. अडीचशे ते पाचशेच्या पट्ट्यात कोडाबोचा प्रॉडिजी आणि तत्सम नावाजलेले विद्यार्थ्यांचे बो येतात. इथे जास्तीचे पैसे जातात ते काठीच्या घडणीत, त्याहून जास्त फ्रॉग, स्क्रू आणि केसांच्या कामात, आणि हमीत. माझं मत विचाराल तर पहिल्या तीन वर्षांच्या विद्यार्थ्याला खालच्या थरातला, स्वतः तपासून घेतलेला बो आणि त्यावर लगेच चांगल्या कारागिराकडून घातलेले नवे केस, हा सौदा वरच्या थरातल्या न बघता मागवलेल्या बोपेक्षा सरस ठरतो. या दोन थरांच्या मधले, शंभर-दोनशे डॉलर जास्त घेऊन फक्त सोनेरी कडं आणि रंगीत विणकाम देणारे बो मात्र सरळ टाळा.

बो तुलनेसाठी वाजवताना एक चूक जवळजवळ सगळे करतात. आपल्या जुन्या बोचे केस झिजलेले, नव्याचे ताजे; त्यामुळे नवा बो तार घट्ट पकडतो आणि ‘कसला दमदार आवाज’ वाटतो. तो दम केसांचा आहे, काठीचा नाही. शक्य असेल तर तुलना नव्या-नव्या बोंमध्येच करा, तेच रोझिन, तेवढीच फट. दुसरा कोणी खोलीच्या त्या टोकाला पाठ करून बसू दे, आणि त्याला क्रमांक सांगू नका. कानाशी कर्कश वाटणारा बो दूरवर स्वच्छ ऐकू येतो आणि कानाशी गोड वाटणारा तिथपर्यंत पोचतच नाही, असं चेलोच्या बाबतीत फार होतं. ए तारेवर वरच्या स्वरांत खरखर येते का हेही त्यालाच ऐकू द्या.

दुकानात बघायची सोय नसेल आणि ऑनलाइनच मागवायचा असेल तर विक्रेत्याला तीन गोष्टी मागा: काट्यावर ठेवलेल्या त्याच बोचा फोटो, तोलाचं अंतर, आणि बटणाच्या बाजूने काठीवर नेम धरून काढलेला फोटो. ‘वजन ८० ग्रॅम अंदाजे’ हे उत्तर नव्हे. परत करण्याची मुदत आणि परतीचं भाडं कोणाचं हे लेखी घ्या. परदेशातून मागवला तर आयातशुल्क आणि जीएसटी धरून हिशेब करा. स्वस्त बोच्या बाबतीत कुरिअर आणि कर मिळून मूळ किमतीच्या जवळ जातात. कार्बन बोला पर्नाम्बुकोची कटकट नाही, तरी पकडीचं कातडं सरड्याचं आणि टोकावरची पट्टी हस्तिदंती नाही ना, हे विचारा. साधं कातडं आणि प्लास्टिकची वा धातूची पट्टी असेल तर कस्टममध्ये कुणी अडवायचं कारण उरत नाही.

अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये नात्यातलं कोणी असेल तर आणखी सोपं. तिथली तंतुवाद्यांची बरीच दुकानं दोनतीन बो आठवडाभर वाजवून बघायला देतात. तिथेच निवडून, येणाऱ्या माणसाबरोबर पाठवता येतो. बो सुमारे ७२ सेंटिमीटर लांब असतो, त्यामुळे हातातल्या बॅगेत मावत नाही. प्लंबरकडून दोन इंची पीव्हीसी पाइपचा ८० सेंटिमीटरचा तुकडा आणि दोन टोपणं घ्या, बोचे केस पूर्ण ढिले करा, बो जुन्या सुती कापडात गुंडाळून आत सरकवा, दोन्ही टोकांना फोम कोंबा. मोठ्या बॅगेत तिरका बसतो.

घरी आल्यावर कार्बन आहे म्हणून तो ताणून ठेवायचा नाही. काठीला काही होणार नाही, पण केस हवेप्रमाणे वाढतात आणि आखडतात. जुलैत मुंबईत लांबलेले केस तुम्ही स्क्रू फिरवून ताणलेत आणि तसाच बो घेऊन डिसेंबरात नागपूरला किंवा दिल्लीला गेलात, तर कोरड्या हवेत केस आखडून सगळा ताण डोक्यातल्या पाचरीवर आणि आयलेटवर येतो. फ्रॉग आबनुसाचा, पाचरी लाकडाच्या. तेही हवेबरोबर फुगतात-सुकतात. कड्यातली पाचर सुकून पडली की केस एका बाजूला गोळा होतात. तेव्हा वाजवणं थांबवून कारागिराकडे द्या, घरी गोंद टाकू नका. आणि बो बंद गाडीत उन्हात ठेवू नका. विदर्भातल्या एप्रिल-मेच्या दुपारी गाडीच्या काचेखाली जेवढं तापतं, तेवढ्यात स्वस्त इपॉक्सी मऊ पडू शकतं, आणि ताणलेल्या केसांनी काठीचा बाक ओढला गेला तर तो परत येत नाही. पेटीतलं रोझिनही वितळून केसांना चिकटलेलं सापडतं. काठीवरचं रोझिन रोज कोरड्या कापडाने पुसा. स्पिरिट लावलं तर वरचं पॉलिश उतरतं. काठी कुठे चिरली, तंतू बाहेर आले, तर तिथे बोट फिरवू नका. ते सुईसारखे कातडीत शिरतात.